चौथी कुंडी

आमच्या लॅबमध्ये मातीचा नमुना तपासून झाला की पिशवीवर चिठ्ठी लावून तो वर्षभर जपून ठेवायचा आणि मग मागच्या खड्ड्यात ओतून टाकायचा, असा नियम आहे. किश्श्यांना असा काही नियम नाही. त्यामुळे माती जाते आणि किस्से साठत राहतात! परवा मैत्रिणी घरी आल्या होत्या. एकीनं सहज विचारलं, "सुरेखा, तुझ्या त्या लॅबमध्ये दिवसभर करता तरी काय गं? माती चाळता?" झालं! मी जी सुरू झाले ती दोनदा चहा होऊन भेळ संपली तरी थांबेना. शेवटी नवरा आतल्या खोलीतून ओरडला, "अगं, एकदाचं लिहून काढ, म्हणजे आम्ही तरी सुटू!" म्हणून हे लिहायला बसले.

तर आधी माणसं सांगते. घाबरू नका, तीनच आहेत.

एक चौगुले सर. आमचे साहेब. पेठ वडगावच्या जैन शेतकरी घरातले. दिवस मावळायच्या आत जेवणारे आणि पान उन्हाकडं धरून पिकाला काय कमी पडलंय ते सांगणारे. दुसरे दस्तगीर मामा. मूळचे कबनूरचे. भाऊ, पुतणे, भाचे सगळे यंत्रमागावर, हे एकटेच मातीत आले. लॅबच्या मागं आमची कुंड्यांची शेड आहे, ती मामांची. कागदोपत्री संस्थेची, पण खरी मामांचीच. आणि तिसरी मी. पान वाळवायचं, जाळून राख करायची, राख ॲसिडात विरघळवायची आणि ते पाणी मशीनला पाजायचं. मशीन आकडा सांगतं, तो मी लिहिते. तेवीस वर्षं हेच चाललंय.

आता शेडमधलं काम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. सात कुंड्या ओळीनं मांडायच्या. त्यात माती नाही, ॲसिडनं धुतलेली वाळू. त्या वाळूत मका लावायचा, कधी भात, कधी गहू. पहिल्या कुंडीला सगळं जेवण. दुसरीला लोह सोडून सगळं. तिसरीला मँगनीज सोडून. चौथीला जस्त सोडून, म्हणजे शेतकरी ज्याला झिंक म्हणतात ते. मग तांबं, बोरॉन, असं करत सातवीपर्यंत. ही अन्नं पिकाला लागतात चिमूटभर, आमटीत मीठ लागतं तेवढीच. पण ती चिमूट नसली की पीक खुरटतं, काही केल्या वाढत नाही. कशावाचून पान कसं दिसतं, ते शेतकऱ्यानं डोळ्यानं बघावं, यासाठी ही ओळ.

गेल्या दिवाळीनंतर संस्थेच्या सेक्रेटरींनी ठरवलं की शेड पाडायची आणि तिथं गाड्या लावायच्या. म्हणाले, "पानांचे फोटो मोबाईलवर ढिगानं मिळतात. कुंड्या कशाला पाहिजेत?" सरांनी भांडून एक हंगाम मागून घेतला. मार्चमध्ये समिती येऊन बघणार. फरक डोळ्यांना दिसला तर शेड राहणार, नाही तर बुलडोझर! आणि आपल्या भागात रडगाणं जास्त करून जस्ताचंच, त्यामुळे सगळी भिस्त चौथ्या कुंडीवर.

मामा मार्चअखेर रिटायर होणार होते. ते म्हणाले, "मी जाणारच हाय. पर शेड ऱ्हायला पायजे." पण अडचण त्यांनाही ठाऊक होती आणि आम्हालाही. शेड वाचवायची तर चौथी कुंडी दीड महिना उपाशी ठेवायला हवी होती. आणि मामांना जिवंत गोष्ट उपाशी बघवत नाही. कधीच बघवलेली नाही!

*

याचा पहिला अनुभव मी नोकरीला लागले त्याच वर्षी आला.

त्या वर्षी चौथी कुंडी वाढायला लागली. कशी? तर थेट पहिलीच्या बरोबरीनं! सरांचं डोकं फिरलं. वाळू पुन्हा धुतली, रसायनांच्या बाटल्या बदलल्या, पाणी तपासलं. मामांना समोर उभं करून विचारलं, "मामा, तुम्ही हिला काही घालताय का?"

"अल्लाची आन सर, पाण्याबिगर थेंब न्हाय घातला!"

आणि ते खरंच होतं. मग आठवड्याभरानं माझं लक्ष गेलं. मामा डिस्टिल्ड वॉटर आणत होते एका नव्याकोऱ्या, लखलखत्या बादलीतून. जुनी प्लास्टिकची बादली गळायला लागली म्हणून मामांनी स्वतःच्या खिशातून नवी आणली होती. जस्ती पत्र्याची! बादलीचं जस्त पाण्यात उतरत होतं आणि कुंडी रोज पोटभर जेवत होती.

सर कपाळाला हात लावून खाली बसले. म्हणाले, "मामा, अहो, जे तिला वाढायचं नाही, त्याचंच ताट केलंत की हो!"

मामांना वाईट वाटलं, पण कुंडीबद्दल नाही. म्हणाले, "तरी म्हटलं, नवी बादली बघून एवढी खूश कशी झाली!"

*

सरांबरोबर प्रवास करायचा म्हणजे वेळेवर पोचायची आशा सोडायची.

एकदा आम्ही तिघं जीपमधून हातकणंगल्याकडं नमुने आणायला निघालो होतो. मध्येच सर ओरडले, "थांबवा, थांबवा!" ड्रायव्हरला वाटलं, कुत्रं आडवं आलं. तोपर्यंत सर उतरून रस्त्याकडेच्या मक्यात शिरलेसुद्धा. कमरेत वाकून, चष्मा कपाळावर ढकलून एकेक पान बघत चाललेले. तेवढ्यात वरच्या बांधावरून शेताचा मालक हातात काठी घेऊन आला.

"ओ पावणं! काय हरवलंय काय?"

सरांनी मान वर न करता सांगितलं, "माझं काही नाही. तुमचं हरवलंय!"

त्या बिचाऱ्यानं आधी खिसा चाचपला, मोबाईल जागेवर आहे का बघितलं. मग सरांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि पान दाखवलं. मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढुरके पट्टे. "ह्याला जस्त मिळत नाही. सांगतो ते फवारा, आणि माती घेऊन लॅबला या."

माणूस पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पंधरा दिस झालं, मी ह्येच्यावर बायकोशी भांडालोय. तिनं पाणी कमी सोडलं म्हून!" आणि तिथूनच घराकडं तोंड करून ओरडला, "अगं ए, ताक आण! तुझी चूक न्हवती!"

ताक झकास होतं. आम्ही दीड तास उशिरा पोचलो.

लग्नातसुद्धा तेच. माझ्या भाचीच्या लग्नाला सरांना आग्रहानं बोलावलं होतं. अक्षता पडल्या तेव्हा सगळा मांडव नवरा-नवरीकडं बघत होता आणि सर मांडवाच्या खांबाला बांधलेल्या केळीकडं. टाळ्या थांबल्यावर मला हळूच म्हणाले, "पोटॅश कमी आहे हो!" मी म्हटलं, "सर, निदान जेवून तरी घ्या." व्हिडिओत अजून आहेत ते, पाठमोरे.

*

हा किस्सा सांगताना मला दर वेळी रुमाल लागतो, आधीच सांगून ठेवते.

एका वर्षी कुंड्यांत भात होता. पावसाळ्यात मलकापूरकडच्या एक बाई आल्या. आनंदी आक्का. साठीच्या आसपास, डोक्यावर पदर, पिशवीत दोन किलो माती. एकट्याच कसतात. लावणीनंतर भात जागेवरच थांबला होता, पानांवर तांबेरल्यासारखे ठिपके. सगळ्यांनी करपा रोग म्हणून सांगितलं, दोनदा औषध मारून झालं होतं. दीर म्हणत होता, तुझ्यानं शेती होत नाही, पुढच्या सालापासून मीच बघतो. हे सगळं त्यांनी मला पावती करताकरता सांगितलं. मी म्हटलं, "आक्का, आठ दिवसांनी रिपोर्ट मिळेल." त्या म्हणाल्या, "मला वाचाया येत न्हाय, बाई. तूच वाचून सांग मग." आणि पाणी प्यायला मागं गेल्या.

बराच वेळ झाला, आक्का परत येईनात. मी बघायला गेले तर त्या चौथ्या कुंडीपुढं जमिनीवर बसलेल्या. मामा शेजारी गोंधळून उभे.

मामांनी विचारलं, "आक्का, चक्कर आली व्हय?"

आक्का पानावरनं बोट फिरवत म्हणाल्या, "ह्यो माझ्या शेतातला भात हितं कसा आला?"

मामा खाली बसले. त्यांना शास्त्र सांगता येत नाही, पण सांगायचं ते येतं. म्हणाले, "आक्का, हिला रोग झाल्याला न्हाय. हिला एक गोष्ट खायाला मिळंना. तुमच्या भाताला बी तीच मिळंना. मिळाली की उठंल."

"माझी चूक न्हाय म्हंता?"

"तुमची कशी? कुणी सांगितलंच न्हाय तुमास्नी!"

तेव्हा त्या बाई रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून. मी पण रडले, मामांनी तोंड फिरवलं. सर आतून आले, आमच्याकडं बघून काही न विचारता तसेच परत गेले आणि फवारणी कशी करायची ते आक्कांसाठी चित्रं काढून घेऊन आले.

दिवाळीला आक्का पुन्हा आल्या. नव्या तांदळाची पिशवी घेऊन. शेत त्यांच्याकडंच राहिलं होतं. पिशवी मामांच्या हातात देऊन म्हणाल्या, "ह्यो तुमच्या त्या उपाशी पोराचा वाटा."

शेडसाठी भांडताना सरांनी हे सगळं सेक्रेटरींना सांगितलं, तर ते म्हणाले, "फोटो दाखवला असता तरी चाललं असतं की!" काय बोलायचं अशा माणसाशी? मी तिथून उठून गेले. नसते गेले तर नोकरी गेली असती.

*

आता यंदाचं.

मक्यावर मावा पडला. हिरव्या, बारक्या किड्यांची पानाखाली ही गर्दी! औषध मारायचं नाही, प्रयोग बिघडतो. मग सर काय करणार? सर मऊ ब्रश घेऊन बसले. एकेक मावा ब्रशनं उचलायचा, काचेच्या ताटलीत ठेवायचा आणि ताटली भरली की कुंपणापलीकडच्या गवतावर नेऊन सोडायचा. जीव मारायचा नाही म्हणजे नाही! सकाळभर हेच चाललं होतं.

मामा बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "सर, एक इचारू? रागाला येऊ नगासा."

"विचारा की."

"माव्याला हातानं उचलून, गवतात पोटभर खायाला सोडून येतासा. आणि ही माझी सात लेकरं, त्यातली सा उपाशी ठेवतासा. ह्यो कुठला न्याय म्हणायचा?"

मी घाबरून मशीनकडं पळायच्या बेतात होते. सरांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "मामा, ही एक उपाशी राहिली की तिला बघून किती शेतं जेवायला लागतात, तुम्ही बघितलंय ना?"

"बघितलंय. खरं हाय तुमचं." मामा वाकून झारी उचलत म्हणाले, "मग त्या शेतवाल्यांस्नी सांगा, येऊन हिच्या पाया पडा म्हणावं!"

*

त्याच्या आधी, मका नुकता उगवला होता तेव्हाची गोष्ट. मक्याचा दाणा मोठा असतो. रोप उगवल्यावर काही दिवस दाण्यातलंच जेवत राहतं. त्यातच थोडं जस्तही असतं. म्हणून ओळ बिनचूक दिसायला हवी असेल तर रोप जरा उभं राहिलं की खालचा उरलेला दाणा चिमट्यानं हळूच काढून टाकायचा. सरांनी मामांना हे काम सांगितलं.

मामांनी चिमटा हातात घेतला, चौथ्या कुंडीपाशी वाकले, आणि चिमटा परत टेबलावर आणून ठेवला.

"न्हाय जमायचं, सर."

"मामा, शेडचा प्रश्न आहे."

"ठाव हाय. पर आईनं बांधून दिलेली भाकरी हाय ती. पोरगं रस्त्याला लागलंय, आणि त्येच्या हातातली शिदोरी मी काढून घेऊ? न्हाय बा! मला आत्ताच घरी पाठवा पायजे तर."

मग ते काम माझ्याकडं आलं. मी म्हटलं, त्यात काय, मी करते! मला उगाच भावुक झालेलं खपत नाही. चिमटा घेतला, वाळू बाजूला केली, दाणा सुटा करून काढला. अर्ध्या मिनिटाचं काम.

पण झालं काय, त्याच सकाळी माझी लेक संक्रांतीची सुट्टी संपवून पुण्याला हॉस्टेलवर गेली होती. पहाटे उठून मी तिला गुळाच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. "आई, कशाला एवढ्या, तिथं सगळं मिळतं," म्हणत तिनं डबा बॅगेत कोंबला होता. आणि आता माझ्या तळहातावर तो दाणा. अर्धा रिकामा, अर्धा भरलेला. मी शेडमध्ये उभी राहिले ती राहिलेच. फोन काढून तिला विचारलं, "पोळी खाल्लीस का गं?" ती म्हणाली, "आई, मी अजून कराडलापण नाही पोचले!"

*

थंडी सरता सरता रमजान लागला. तोपर्यंत ओळ कशी दिसायला हवी तशी दिसत होती. पहिली कुंडी कमरेच्या वर. चौथी वीतभरावर अडकलेली, पेरं आखूड, पानांवर पांढरे पट्टे. बघितली की कसंतरी व्हायचं. पण सर खूश होते. समितीला यायला पंधरा-सोळा दिवस होते.

मामांचे रोजे चालू. दुपारचं ऊन तापायला लागलेलं, तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि हा माणूस सातही कुंड्यांना मापानं पाणी घालतोय. चौथीला पाणी घालताना मान दुसरीकडं! सर म्हणाले, "मामा, तुम्ही सावलीत बसा. रोजा आहे तुमचा."

मामांनी चौथीकडं हात केला. "माझा रोजा सांजचा सुटतोय, सर. हिचा कवा सुटायचा?"

सर आत गेले, झिंक सल्फेटची बाटली कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मला बोलावून दबक्या आवाजात म्हणाले, "सुरेखाताई, मामांवर जरा लक्ष ठेवा. आता काही घातलं तर सगळं मुसळ केरात."

मी म्हटलं, "सर, तुम्ही निर्धास्त राहा!"

*

आता शेवटचा.

समिती यायच्या आठ-नऊ दिवस आधी चौथ्या कुंडीच्या मक्याला नवं पान फुटलं. हिरवं! त्यावर पट्टा नाही की डाग नाही. दोन दिवसांनी दुसरं आलं, त्याहून रुंद. खालची पानं तशीच पांढुरकी, आणि वर ही हिरवी कंच पानं.

सर आले, बघितलं, मान डोलावली आणि गेले. ओरडले नाहीत, वाळू तपासली नाही, की बादली बघायला मागितली नाही. मला नवल वाटलं. पण मी कुठल्या तोंडानं विचारणार होते? कारण एका शनिवारी दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं, तेव्हा मीच माझ्या मशीनजवळची, आकडा जुळवून बघायला लागणारी जस्ताच्या पाण्याची बाटली नेऊन चमचाभर त्या कुंडीत ओतलं होतं. होय, मीच! पहारा मला दिला होता आणि मीच खायला घातलं. पुन्हा सांगते, एकच चमचा. हातावरचा तो दाणा काही केल्या डोळ्यापुढून जात नव्हता.

समितीचा दिवस आला. चौघेजण, पुढं अध्यक्ष, मागं सेक्रेटरी. अध्यक्ष स्वतः शेतकरी माणूस, धोतर-टोपीतले. पहिली कुंडी बघितली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी आले आणि सेक्रेटरी हसले.

"चौगुले सर, हिला जस्त नाही म्हणता ना? मग हे वर हिरवंगार काय आहे? हाच का तुमचा फरक?"

शेड गेली, ती माझ्यामुळं गेली, एवढंच डोक्यात. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मामा पुढं झाले.

"साहेब, चूक माझी हाय. ह्येंचा काय संबंध न्हाय. तिचे हाल बघवंनात, मीच तिला खायाला घातलं. बोलायचं ते मला बोला."

अध्यक्ष कुंडीपुढं उकिडवे बसले. खालच्या पानाला बोट लावलं, मग बोट खोडावरून वर वर नेत हिरव्या पानापाशी थांबवलं.

"हितंपत्तर उपाशी हुता?"

"व्हय."

"आणि हितनं म्होरं जेवला?"

"व्हय साहेब."

"किती दिसांत हिरवा झाला?"

"खायाला घालून धा-बारा दिस झालं आसतील."

अध्यक्ष गुडघ्यावर हात टेकून उठले. मग सेक्रेटरींकडं वळून म्हणाले, "माझ्या पोरास्नी उद्या हितं आणून ह्ये दाखवतो. तीन सालं झाली, जोंधळा आसाच खुरटतोय, आणि आमी बियाणंवाल्याला शिव्या घालालोय. शेड ऱ्हाऊ दे! गाड्या झाडाखाली लावा."

आणि निघून गेले! मामा मटकन खाली बसले. सर शेडच्या खांबाला टेकून उभे राहिले, चष्मा पुसत.

मला मात्र चैन पडेना. संध्याकाळी मामा झारी धूत होते, तिथं गेले. म्हटलं, "मामा, माझ्यासाठी खोटं का बोललात? ते मी घातलं होतं. चमचाभर."

मामा बघतच राहिले. "तू?"

"तुम्ही बघितलं नव्हतं मला?"

"कवा? आगं, मी खरंच बोललो की! मी घातलंय! बाजारातनं पुडी आणून चिमूटभर, पाण्यात कालवून. तू बी घातलंस?" आणि मग ते असे हसायला लागले, असे हसायला लागले, की रोजा धरलेला माणूस भिंतीला टेकून बसला. मी पण हसले. हसता हसता रडू आलं आणि मामांनी माझ्या डोक्यावर ओलाच हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची पोरं बघून गेली आणि मग ठरल्याप्रमाणं सगळा मका कापला, वाळवला, राख केली आणि मी तो मशीनवर घेतला. सहा कुंड्यांचे आकडे यायला पाहिजेत तसेच आले. चौथीचा आकडा आला आणि मी खुर्चीतून उठले. पोटभर जेवणाऱ्या पहिल्या कुंडीपेक्षा जास्त! थोडाथोडका नाही, दुपटीच्या वर. मशीन धुतलं, पुन्हा लावलं. तोच आकडा. तिसऱ्यांदा लावलं. तोच.

मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना मशीन कळत नाही, पण माझं तोंड कळतं. म्हणाले, "का गं? तुझा चमचा आणि माझी चिमूट, एवढं हुतंय व्हय?"

"नाही हो मामा. त्याच्या निम्म्यालासुद्धा येत नाही."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मग मी कागद उचलला आणि सरांच्या खोलीत गेले. मामा माझ्या मागोमाग येऊन दारात उभे राहिले.

सरांनी कागद वाचला. पहिल्या ओळीपासून चौथीपर्यंत बोट आलं आणि थांबलं. मग त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"मशीन बिघडलंय, सुरेखाताई."

"पण सर, बाकीच्या सहा कुंड्या याच मशीनवर, याच सकाळी..."

सरांनी मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते.

"फक्त चौथीपुरतं बिघडलंय!"